खगोलात जायचंय, मग पदवी कशाची घ्यावी?

पत्र

सर, सादर नमस्कार. मी डिचोली तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात बारावी विज्ञान शाखेत शिकते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि संगणक हे माझे विषय आहेत. जीवशास्त्र अकरावीतच सोडलं. मला ॲस्ट्रोफिजिक्स शिकायचं आहे, हे नववीपासून ठरलेलं आहे. पण घरात एकमत होत नाही. बाबांचं बाजारात दुकान आहे. ते म्हणतात, आधी इंजिनिअरिंग कर, मग हवं ते कर. इंग्लंडमध्ये स्विंडनला असलेला मामा म्हणतो, आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट काढू आणि तू इकडे ये, इथे थेट ॲस्ट्रोफिजिक्सचीच पदवी मिळते. राज्याबाहेरच्या एका खासगी विद्यापीठाचं माहितीपत्रक घरी आलंय. त्यात 'स्पेस सायन्स अँड ॲस्ट्रोफिजिक्स' अशी पदवी आहे, पण फी वर्षाला काही लाख. आमच्या बाई आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची परीक्षा दे म्हणतात. यातलं काहीच जमलं नाही तर गोव्यातच बी.एस्सी. फिजिक्स करावं लागेल. मग माझं खगोल तिथेच संपलं का? आणि आतापासून दुर्बीण घ्यावी का?

— एक वाचक, डिचोली

उत्तर

प्रिय विद्यार्थिनी, अनेक आशीर्वाद.

तुझ्या शेवटून दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पत्रभर तीच भीती जाणवते. गोव्यात बी.एस्सी. फिजिक्स केल्याने खगोल संपत नाही. कुठल्याही चांगल्या महाविद्यालयात, नीट मन लावून केलेली भौतिकशास्त्राची पदवी हीच खगोलभौतिकीची रुळलेली वाट आहे. पदवीच्या कागदावर 'ॲस्ट्रोफिजिक्स' छापलेलं असणं ही मी या सगळ्यातली सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट मानतो. तुझ्या घरात मात्र सगळी चर्चा त्या नावाभोवतीच फिरते आहे असं दिसतं.

असं का म्हणतो, ते एका ताऱ्यावरून सांगतो. आपला सूर्यच घे. त्याच्या गाभ्यात तापमान सुमारे १.५ कोटी अंश असतं. तिथे हायड्रोजनची केंद्रकं एकत्र येऊन हेलियम होतो, एवढं तुला ठाऊक आहेच. पण हिशेब मांडला तर इतक्या तापमानालाही दोन प्रोटॉन एकमेकांना ढकलतात ती अडचण ओलांडायला ऊर्जा पुरत नाही. जुन्या यामिकीप्रमाणे सूर्य पेटायलाच नको. तो पेटतो, कारण पुंजयामिकीत (क्वांटम मेकॅनिक्समध्ये) कणाला ती भिंत न ओलांडता पलीकडे जाण्याची थोडी शक्यता असते. म्हणजे सूर्य का तळपतो हे समजायला क्वांटम मेकॅनिक्स हवं. सूर्य स्वतःच्या वजनाखाली कोसळत का नाही, यासाठी दाब, तापमान आणि गुरुत्व यांचा तोल मांडता यायला हवा, म्हणजे थर्मोडायनॅमिक्स आणि कॅल्क्युलस हवं. ताऱ्याच्या वर्णपटावरून त्याचं तापमान काढायचं तर मेघनाद साहांचं १९२०चं समीकरण लागतं, आणि ते उभं आहे उष्मागतिकी व सांख्यिकीवर. इंधन संपून आकसलेल्या पांढऱ्या बटू ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटीपलीकडे जाऊ शकत नाही, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी ऐन तारुण्यात काढलं. त्यात सांख्यिकी भौतिकी आणि विशेष सापेक्षता एकत्र आली होती. आकाशगंगेतला थंड हायड्रोजन १४२० मेगाहर्ट्झवर जी लहर सोडतो, ती अणूतल्या इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉनच्या फिरकीतून येते. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत. त्या लहरी ऐकायच्या तर विद्युतचुंबकत्व आणि फुरिए गणित पक्कं लागतं.

या सगळ्यातलं 'खगोल' म्हणून वेगळं काढता येईल असं फार थोडं उरतं. बाकीचं भौतिकशास्त्र आणि गणित आहे, आणि ते अठराव्या ते एकविसाव्या वर्षांत जितकं पक्कं बसतं तितकं पुढे बसत नाही. चंद्रशेखर मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन १९३० साली बाहेर पडले आणि १९८३मध्ये त्यांना नोबेल मिळालं. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९५७मध्ये बनारसहून बी.एस्सी. केलं आणि केंब्रिजला गेले ते गणित शिकायला. पुढे १९८८मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. दोघांचीही पहिली पदवी खगोलाची नव्हती.

म्हणून त्या खासगी विद्यापीठाच्या माहितीपत्रकाबद्दल स्पष्ट सांगतो. पदवीच्या नावाकडे पाहू नकोस, तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम मागव. त्यात क्वांटम मेकॅनिक्सचे निदान दोन पेपर आहेत का, सांख्यिकी भौतिकी आहे का, विद्युतचुंबकत्व पहिल्या वर्षाच्या पुढे जातं का, गणिती पद्धती किती सत्रं शिकवतात, प्रयोगशाळा दर सत्रात आहे का, हे बघ. या जागी 'इंट्रोडक्शन टू स्पेस', 'हिस्टरी ऑफ ॲस्ट्रॉनॉमी', 'सॅटेलाइट ॲप्लिकेशन्स' असे हलके पेपर भरलेले दिसले तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा असा प्रकार समज. पुढे एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेला बसशील तेव्हा प्रश्न विचारले जातील ते निखळ भौतिकशास्त्राचे. अशा पदवीवाल्यांची तिथे दमछाक होते. अभ्यासक्रम भक्कम असेल तर मग फीचा विचार कर, पण बाबांना दुकान गहाण ठेवावं लागेल इतकी फी बी.एस्सी.साठी देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आता बाईंनी सांगितलेलं आयसर. त्या बरोबर सांगतात. तुझ्यासारख्या मुलीसाठी देशातला हा सर्वांत मोठा दरवाजा आहे आणि गोव्यात अजूनही फार कमी घरांना तो माहीत असतो. पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि बेऱ्हमपूर अशा सात आयसर आहेत. पाच वर्षांत बी.एस.-एम.एस. अशी जोडपदवी मिळते, आणि शेवटचं वर्ष जवळजवळ सगळं एका संशोधन प्रकल्पाला दिलेलं असतं. प्रवेश आयएटी या त्यांच्या स्वतःच्या परीक्षेवर होतो. अर्ज साधारण मार्चच्या सुमारास निघतात, परीक्षा मे-जूनमध्ये. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या चार वर्षांच्या बी.एस. पदवीसाठीही याच परीक्षेचे गुण चालतात, पण त्यासाठी तिथला अर्ज वेगळा भरावा लागतो. दरवर्षी काही मुलं हे विसरतात.

एक अडचण तुझ्यापुढे आहे आणि ती आताच समजून घे. आयएटीत ६० प्रश्न असतात, चार विषयांचे प्रत्येकी १५. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. चार विषयांत जीवशास्त्रही आहे. ते तू सोडलंस, म्हणून परीक्षा द्यायला आडकाठी नाही, पण १५ प्रश्न कोरे सोडलेस तर २४०पैकी ६० गुण हातचे गेले. बोर्डाची परीक्षा संपल्यावर एनसीईआरटीच्या जीवशास्त्रातले पेशी, आनुवंशिकता आणि परिसंस्था एवढे भाग तरी शांतपणे वाच. पाच-सहा प्रश्न खात्रीने सुटले तरी क्रमांकात खूप फरक पडतो. भुवनेश्वरची नायसर आणि मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरातलं सीईबीएस या मूलभूत विज्ञान शिकवणाऱ्या दोन संस्थांची मिळून नेस्ट ही परीक्षा होते. तिथे सर्वांत चांगल्या तीन विभागांचे गुण धरतात, त्यामुळे जीवशास्त्र नसलेल्यांना ती अधिक सोयीची पडते. सीईबीएसबद्दल गोव्यात कुणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं. लहान संस्था, थोडी मुलं, आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) व भाभा अणुसंशोधन केंद्र इथले शास्त्रज्ञ शिकवायला येतात. थिवीला रात्री कोकण रेल्वेत बसलीस की सकाळी मुंबई.

आयसरमध्ये सुरुवातीची काही सत्रं सगळ्यांना सगळी विज्ञानं शिकावी लागतात, जीवशास्त्रसुद्धा. हे आधीच माहीत असू दे, नाहीतर पहिल्या वर्षी 'मी इथे बेडकाचं काय करतेय' असं वाटून हिरमुसशील. आणि पसंतीक्रम भरताना फक्त पुणे धरून बसू नकोस. पुण्यात आयसर, आयुका आणि रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र एनसीआरए तिन्ही जवळजवळ आहेत हे खरं, वास्कोहून सुटणारी गोवा एक्स्प्रेस लोंढा, बेळगाव, मिरज करत थेट पुण्याला जाते हेही खरं. पण मोहाली किंवा तिरुपती मिळाली म्हणून हात झटकून परत येणं शहाणपणाचं नाही. भौतिकशास्त्र सगळीकडे तेच शिकवतात, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तुला कुठेही जाऊन काम करता येतं.

गणितावर तुझं मनापासून प्रेम असेल तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची गणित आणि भौतिकशास्त्राची तीन वर्षांची पदवीही पाहून ठेव. परीक्षा कठीण आहे, पण सिद्धान्ताकडे ओढा असणाऱ्याला तिच्याहून चांगली जागा या देशात क्वचितच मिळेल. तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीत इंजिनिअरिंग फिजिक्सची पदवी आणि तिला जोडून खगोलशास्त्रात एम.एस. असा पाच वर्षांचा मार्ग आहे. ती अवकाश विभागाची संस्था आहे, आणि तिथे जेईई ॲडव्हान्स्डचा क्रमांक लागतो.

इथे बाबांशी दोन शब्द बोलतो. हे उत्तर त्यांना वाचून दाखव.

तुमची काळजी रास्त आहे, दादा. मुलगी पाच वर्षं शिकणार, मग पीएच.डी.ची आणखी पाच-सहा वर्षं, आणि तोपर्यंत शेजारची मुलगी इंजिनिअर होऊन पगार घरी आणणार. हे चित्र खरं आहे, ते मी गोड करून सांगणार नाही. संशोधनात कायमची जागा मिळायला तिशी उलटते आणि जागा थोड्या असतात. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. पीएच.डी. करताना घरच्यांना सहसा फी भरत बसावं लागत नाही. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती सध्या महिना ३७,००० रुपये आहे, वरिष्ठ झाल्यावर ४२,०००. त्याआधी पदवीच्या काळात केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत. मूलभूत विज्ञान घेणाऱ्या, बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात आलेल्या मुलांना तिच्यासाठी अर्ज करता येतो. त्या त्या वर्षीची जाहिरात पाहूनच भरवसा ठेवा आणि पैसे वेळेवर हातात पडतील असं धरून घरखर्च आखू नका.

दुसरं म्हणजे, जी मुलगी भौतिकशास्त्र, गणित आणि प्रोग्रामिंग या तिन्हीत तरबेज झाली, तिला पुढे खगोल सोडावं वाटलं तरी ती रिकामी राहत नाही. विदा (डेटा) विश्लेषण, उपकरणशास्त्र, हवामान, अध्यापन या सगळ्या वाटा खुल्या असतात. आपल्या दोनापावलाला समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोला ध्रुवीय व समुद्र संशोधन केंद्र आहे. तिथे समुद्राच्या लाटा आणि अंटार्क्टिकाच्या बर्फाचा अभ्यास करणाऱ्यांत भौतिकशास्त्राचे पदवीधर असतात. मुलगी गोव्यात राहूनसुद्धा शास्त्रज्ञ होऊ शकते.

आणि इंजिनिअरिंगचं म्हणाल तर तो मार्ग चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. जीएमआरटी उभी राहिली ती इंजिनिअरांच्या खांद्यावर. हिंगोलीजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरींची वेधशाळा उभी राहायची आहे, तिच्यासाठी केंद्राने २०२३मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथेही लेझर, निर्वात यंत्रणा, नियंत्रण प्रणाली जाणणारी माणसं लागतील. बी.टेक. करून पुढे खगोलाच्या पीएच.डी.ला गेलेले विद्यार्थी आहेत. पण 'आधी इंजिनिअरिंग कर, मग हवं ते कर' या वाक्यात एक फट आहे. मनाविरुद्ध निवडलेल्या शाखेत चार वर्षं काढलेल्या मुलाकडे 'मग हवं ते' करायला गुणही उरत नाहीत आणि उमेदही. झुआरीनगरच्या बिट्सच्या गोवा संकुलात एक मधला मार्ग आहे. एम.एस्सी. फिजिक्सला प्रवेश घ्यायचा आणि पहिल्या वर्षाच्या गुणांवर सोबत इंजिनिअरिंगची शाखा मिळवायची, अशी पाच वर्षांत दोन पदव्या. बिट्सॅट ही त्यांची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, फी जड आहे. घर परवडवू शकत असेल आणि मुलीला दोन्हीची ओढ असेल तरच. फक्त तुमचं मन राखायला म्हणून नको.

आता मामाचा प्रस्ताव. मामाचं प्रेम मी समजतो, पण हा प्रस्ताव घाईने स्वीकारू नका. गोव्यात आपण हा विषय फार सैलपणे बोलतो. १९ डिसेंबर १९६१च्या आधी इथे जन्मलेल्यांची मुलं-नातवंडं पोर्तुगालात जन्माची नोंद करून नागरिकत्व घेतात, हे गावोगावी चालतं. पण तुझ्या शिक्षणासाठी त्याचा अर्थ नीट तपासून घे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर, २०२१-२२च्या शैक्षणिक वर्षापासून, तिथे नुसत्या पोर्तुगीज पासपोर्टवर स्थानिक फी लागू होत नाही. तिथला निवासी दर्जा आधीपासून नसेल तर परदेशी विद्यार्थ्याची फी भरावी लागते, आणि भौतिकशास्त्रासाठी ती बहुतेक ठिकाणी वर्षाला वीस हजार पौंडांच्या बऱ्याच वर जाते. शिवाय सगळीच विद्यापीठं आपल्या राज्य मंडळाच्या बारावीवर थेट घेत नाहीत. काही आधी फाउंडेशनचं एक वर्ष करायला लावतात, म्हणजे खर्चात आणखी एका वर्षाची भर.

इकडची बाजू त्याहून गंभीर आहे. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं, आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. मग परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड काढलंस तरी भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या प्रवेशाच्या जागांवर हक्क राहत नाही, शिष्यवृत्त्याही तशाच सुटतात, आणि इस्रोसारख्या ठिकाणची नोकरी भारतीय नागरिकांनाच मिळते. सतराव्या वर्षी, इंग्लंडची फीसुद्धा न वाचवणाऱ्या कागदासाठी, हे सगळं सोडून देऊ नकोस. युरोपात पीएच.डी.ला जाणं सोपं आहे, तिथे पगार मिळतो आणि भारतीय पासपोर्टवर आपली मुलं दरवर्षी जातात. मामाकडे तेव्हा जा.

ब्रिटनमधल्या त्या ॲस्ट्रोफिजिक्स पदव्यांबद्दल एवढंच सांगतो, की त्यांची पहिली दोन वर्षं बहुतांश भौतिकशास्त्राच्या पदवीसारखीच असतात आणि अनेक ठिकाणी मुलं मध्येच एकीतून दुसरीत जातात. म्हणजे तिथेही वाट तीच.

राहिलं गोवा. यावर मी जरा थांबणार आहे, कारण 'करावं लागेल' असं तू लिहिलंस ते मला टोचलं.

गोवा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत भौतिकशास्त्र शिकवण्याची परंपरा चांगली आहे. मिरामारचं धेंपे, मडगावचं चौगुले, म्हापशाचं सेंट झेवियर्स, फर्मागुढीचं रवी नाईक महाविद्यालय, आणि तुझ्या हाकेच्या अंतरावर साखळीचं सरकारी महाविद्यालय. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२३-२४पासून इथे चार वर्षांची पदवी सुरू झाली आहे. तीन वर्षांनी बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष ऑनर्स म्हणून करता येतं. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर थेट पीएच.डी.लाही अर्ज करता येतो. प्रत्येक महाविद्यालयात चौथं वर्ष असेलच असं नाही, म्हणून प्रवेशाआधी विचार. आणि मेजर (मुख्य विषय) भौतिकशास्त्र घेतलंस तर मायनर (दुय्यम विषय) गणितच घे. कुणी सोपे गुण मिळतात म्हणून दुसरं काही सुचवलं तरी ऐकू नकोस. तीन वर्षांनंतर क्वांटमच्या वर्गात बसशील तेव्हा रेषीय बीजगणित आणि अवकल समीकरणं येत असतील तरच पुढे सरकशील.

महाविद्यालय निवडण्याआधी दोन-तीन ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन ये. मे महिन्यात कार्यालयं उघडी असतात. प्रयोगशाळा दाखवायला सांग. ऑसिलोस्कोप आणि स्पेक्ट्रोमीटर धूळ खात आहेत की मुलांच्या हातात आहेत, ते दोन मिनिटांत कळतं. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला गाठ आणि विचार, गेल्या उन्हाळ्यात तू काय केलंस? हा एक प्रश्न सगळ्या टक्केवारीपेक्षा जास्त सांगतो. ज्या विभागातली मुलं उन्हाळ्यात विज्ञान अकादम्यांच्या छात्रवृत्तीवर कुठेतरी प्रयोगशाळेत गेलेली असतात, होमी भाभा केंद्राच्या एनआययूएस या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या कार्यक्रमाला निवडली गेलेली असतात, तो विभाग जिवंत समज. तिथे निदान एक शिक्षक असा आहे की जो शिफारसपत्र लिहायला स्वतःहून बसतो. तुला असा एक शिक्षक हवा. मोठ्या नावाच्या संस्थेतही तो मिळतोच असं नाही, आणि लहान महाविद्यालयात एकदा मिळाला की तीन वर्षं तो तुझाच असतो. घरापासूनचं अंतरही मोज. रोज कदंबच्या दोन बस बदलून मिरामारला जाण्यात चार तास जाणार असतील तर साखळीचं सरकारी महाविद्यालय आणि वाचलेला वेळ हा सौदा वाईट नाही.

इथून पुढची वाट अशी. तिसऱ्या वर्षी आयआयटी जॅम ही प्रवेश परीक्षा द्यायची. तिच्यावर आयआयटींमधलं एम.एस्सी. आणि भारतीय विज्ञान संस्थेतली एकात्मिक पीएच.डी. यांची दारं उघडतात. टीआयएफआरची स्वतःची परीक्षा आहे, पुढे पीएच.डी.साठीची सामाईक परीक्षा जेस्ट आहे, आयुकाची आहे. त्या काळात पुण्याशी संबंध जोडून ठेव. आयुकाचा सुट्टीतला विद्यार्थी कार्यक्रम आणि एनसीआरएच्या सहभागाने होणारी रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा कॉलेजच्या मुलांसाठीच असतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदची दुर्बीण लोकांसाठी खुली असते, एकदा वर्गातल्या मुलांना घेऊन जा. डिचोलीहून अर्ज आला म्हणून कुणी तो बाजूला ठेवत नाही. तुझ्या अर्जात काय केलंस ते दिसायला हवं, म्हणून पायथन ही संगणक भाषा आतापासून शीक. संगणक विषय घेतलास हे उत्तम झालं. ताऱ्यांच्या प्रकाशाची खरी मोजमापं आज कुणालाही मोफत उतरवून घेता येतात. गाया या युरोपीय उपग्रहाने शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांची स्थानं आणि अंतरं मोजली आहेत, ती सगळी खुली आहेत. त्यांतल्या कृत्तिकेच्या ताऱ्यांचा रंग आणि तेजस्वितेचा आलेख तू बोर्डाची परीक्षा संपल्यावर घरी बसून काढू शकतेस, आणि तो काढताना जे शिकशील ते कुठल्याही माहितीपत्रकात नाही.

दुर्बीण सध्या नको. त्या पैशांत १० × ५०ची चांगली द्विनेत्री येते, आणि तिच्यातून देवयानीची दीर्घिका, मृगातला तेजोमेघ, गुरूचे चंद्र सगळं दिसतं. आपल्याकडे पाऊस सरल्यावर ऑक्टोबरपासून मेपर्यंत आकाश मिळतं. मोठ्या दुर्बिणीला डोळा लावायचा असेल तर पणजीची असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी ही संस्था लोकांना आकाश दाखवण्याचं काम वर्षानुवर्षं करते आहे. त्यांच्या लोकांत मिसळ, तुझ्या वयाची वेडी मुलं तिथे भेटतील.

माझा क्रम विचारशील तर पहिल्यांदा आयएटी आणि नेस्ट, दोन्हींचे अर्ज नक्की. त्याबरोबर जेईई मेन दे, कारण बाबांची बाजूही सांभाळली जाते आणि गणिताची तयारी होते. यातलं काही लागलं नाही तर वर्ष फुकट घालवू नकोस, गोव्यात भौतिकशास्त्र मेजर आणि गणित मायनर घेऊन प्रवेश घे आणि पहिल्या दिवसापासून जॅमचा अभ्यासक्रम डोळ्यांपुढे ठेव. पासपोर्ट यादीतून काढून टाक, आणि अभ्यासक्रम व फी दोन्ही कसोटीला उतरत नसतील तर खासगी विद्यापीठही.

निकाल लागला की कुठे नाव लागलं ते कळव. तिथल्या तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम सोबत पाठव, म्हणजे ऐच्छिक विषय कोणते घ्यायचे ते आपण मिळून ठरवू.